हायकोर्टात अपील केलं म्हणजे नेमकं काय होतं

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. त्यांचं माहेर पुण्यातल्या नारायण पेठेतलं, आणि तिथल्या वाड्यातल्या त्यांच्या हिश्श्याचा दावा शिवाजीनगर कोर्टात लागला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आता तो दावा मुंबईला हायकोर्टात आहे. मधल्या सगळ्या तारखांना बहुतेक वेळा मीच सोबत गेलेय, कारण ह्यांना सुट्टी मिळत नाही. आणि दर वेळी कोर्टातून बाहेर पडताना माई मला एकच विचारतात, "अगं, पण हे वरचे साहेब माझं ऐकणार कधी?"

मी वकील नाही. पण आमच्या वकिलांना विचारून विचारून, कोर्टाच्या बाकावर बसून आणि घरी कायद्याची पुस्तकं चाळून मला जे कळलं ते असं की माई ज्या अर्थाने म्हणतात त्या अर्थाने वरचे साहेब त्यांचं ऐकणारच नाहीत, आणि हे आम्हाला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर खूप काही वेगळं झालं असतं. म्हणून हे लिहितेय, कोणाला तरी वेळेत उपयोग होईल.

आपल्याला वाटतं अपील म्हणजे तीच केस पुन्हा पहिल्यापासून, फक्त मोठ्या साहेबांसमोर. तसं नसतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहणं, सरतपास म्हणजे आपल्या वकिलाचे प्रश्न, उलटतपास म्हणजे समोरच्या वकिलाचे, कागद दाखल होऊन त्याला निशाणी क्रमांक पडणं, हे सगळं एकदाच होतं आणि ते खालच्या कोर्टात होतं. अपिलाच्या कोर्टात फक्त ते बाड जातं. दावा, कैफियत म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, साक्षी, निशाण्या लागलेले कागद, रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेची नोंद, निकाल. वकील त्या बाडावर बोट ठेवून बोलतात आणि न्यायाधीश ते वाचून ठरवतात की खालच्या कोर्टाचं कुठे चुकलं का. माई तिथे हजर असल्या काय आणि नसल्या काय, त्यांना कोणी बोलायला सांगत नाही. त्यांचं जे काही म्हणणं आहे ते त्या एका दुपारी शिवाजीनगरला साक्षीत त्या जे बोलल्या तेवढंच, त्यात नंतर एक शब्द वाढत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते म्हणजे लक्षात येईल. माईंच्या भावांनी एक हक्कसोड पत्र दाखल केलं, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचं, रजिस्टर न केलेलं. माई म्हणत होत्या सही माझी नाही. कोर्टाने पुरावा बघून सांगितलं सही त्यांचीच आहे, दावा फेटाळला. आम्ही जिल्हा न्यायालयात अपील केलं, आणि ते चालू असताना दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात एक अंतर्देशीय पत्र सापडलं, माईंच्या मोठ्या भावाच्या अक्षरातलं, हक्कसोडीच्या तारखेनंतर लिहिलेलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की तुझा हिस्सा आहे तसाच आहे, काळजी करू नकोस. आम्हाला वाटलं संपलं, जिंकलो. वकिलांनी पत्र वाचलं आणि खूप वेळ काही बोललेच नाहीत.

कारण अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ४१ चा नियम २७ आहे, त्यात मोजक्याच वाटा आहेत. खालच्या कोर्टाने तो पुरावा घ्यायला चुकीने नकार दिला असेल, किंवा तुम्ही नीट शोध घेऊनही तो तेव्हा तुम्हाला मिळू शकला नसेल, किंवा अपिलाच्या कोर्टालाच निकाल द्यायला त्याची गरज वाटली तर. आमचं पत्र तर आमच्याच घरात, आमच्याच डब्यात होतं. नीट शोध घेतला होता असं कुठल्या तोंडाने सांगणार? अर्ज फेटाळला गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण दाव्याच्या सुरुवातीला वकिलांनी घरातले सगळे जुने कागद आणा म्हटलं होतं आणि माळा चढायचा कंटाळा मीच केला होता.

तर ज्यांचा दावा आत्ता खालच्या कोर्टात आहे त्यांनी आजच माळे, ट्रंका, जुन्या पिशव्या सगळं उघडून बघा. वर गेल्यावर बघू असं म्हणू नका.

आता हे वर म्हणजे कुठे. तालुक्याला किंवा शहरात कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश असतात. त्यांच्या निकालावर सहसा जिल्हा न्यायालयात अपील जातं, मात्र वरिष्ठ स्तराकडचा दावा एका ठराविक रकमेच्या वरचा असेल तर पहिलं अपीलच थेट हायकोर्टात. जिल्हा न्यायालयात जायला ३० दिवस असतात, हायकोर्टात जायला ९०. निकालाची नक्कल मिळायला जेवढा वेळ लागतो तेवढा यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज निकालानंतर लगेच टाकायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक दिवसाच्या उशिराचं कारण पटवत बसावं लागतं. आणखी एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते, ती म्हणजे अपील दाखल केलं म्हणून खालचा हुकूमनामा, म्हणजे निकालाचा अंतिम आदेश, आपोआप थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो आणि तो मिळेपर्यंत समोरचा दरखास्त, म्हणजे तो अमलात आणायचा अर्ज, लावू शकतो.

फौजदारीत शिडी अशीच आहे, मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सत्र न्यायालय आणि सत्र न्यायालयाने दिली तर हायकोर्ट. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश ही व्यक्ती एकच असते, दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश आणि फौजदारी करताना सत्र न्यायाधीश, म्हणून बोर्डवर जिल्हा व सत्र न्यायाधीश असं लिहिलेलं असतं. आणि सत्र न्यायालयाने फाशी दिली तर आरोपीने अपील करो वा न करो, हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, आणि ते काम एकटे न्यायमूर्ती करत नाहीत, किमान दोघं लागतात. हे वाचून मला खूप बरं वाटलं होतं.

पहिल्या अपिलात कोर्ट सगळं बघू शकतं, म्हणजे घडलं काय हे पण आणि कायदा काय सांगतो हे पण. पुरावा पुन्हा तोलून वेगळा निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्या अपिलात, म्हणजे जिल्हा न्यायालयातल्या अपिलाच्या निकालावर हायकोर्टात केलेल्या अपिलात, तसं नाही, आणि आमच्यासारखी माणसं अडकतात ती इथेच. संहितेच्या कलम १०० मध्ये १९७६ ला दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून हायकोर्ट दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर ऐकतं. तो प्रश्न आधी न्यायमूर्तींनी शब्दांत मांडायचा, मग अपील ॲडमिट, म्हणजे सुनावणीसाठी स्वीकारलं जातं. असा प्रश्नच निघत नसेल तर अपील दाराशीच संपतं.

म्हणजे सही माईंची की नाही, हा झाला घडलेल्या गोष्टीचा प्रश्न. खालच्या आणि जिल्हा अशा दोन्ही कोर्टांनी सही त्यांचीच म्हटलंय, आता हायकोर्ट त्यात सहसा पडणार नाही, माईंनी देवाची शपथ घेतली तरी. पण बरं, सही आहे असं धरून चालू, तरी रजिस्टर न केलेल्या कागदाने वाड्यातला हक्क जातो का? हा कायद्याचा प्रश्न. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावरातला हक्क सोडायचा तर शंभर रुपये आणि त्यापुढच्या मिळकतीसाठी तो कागद नोंदवावाच लागतो. भावांचं म्हणणं असं की हा हक्क सोडणारा कागद नाहीच, तोंडी वाटणी आधीच झाली होती आणि हा नुसता आठवणीसाठी लिहून ठेवला, आणि अशा आठवणीच्या कागदाला नोंदणी लागत नाही हेही कोर्टांनी पूर्वी मान्य केलेलं आहे. तर त्या कागदातल्या वाक्यांचा अर्थ काय लावायचा, एवढ्या एका प्रश्नावर आमचं अपील ॲडमिट झालंय. सहीवरून वीस वेळा रडून झालेल्या माईंना हे समजावताना मला दोन दिवस लागले. त्या शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलतेय असं धरूनच माझ्या बाजूने भांडायचं?" हो, साधारण तसंच. मला याचं उत्तर देताना वाईट वाटलं, पण कायद्यापुरतं ते बरोबर आहे.

आता मुंबईला काय आहे ते बघू. बॉम्बे हायकोर्ट १८६२ सालचं, फोर्टमधली ती दगडी इमारत १८७८ ची. पुण्याहून आम्ही डेक्कन क्वीनने जातो, सकाळी सव्वासातला निघते, सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकाकडून चालत. पहिल्यांदा गेलो तेव्हा माईंना टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्याची खोली बघायची होती. ४६ नंबरच्या कोर्टापाशी त्या खटल्याची पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते लागली, टिळक १९०८ ला निकालानंतर जे बोलले ते शब्द त्यावर आहेत. माई केसरीवाड्याच्या गणपतीला लहानपणापासून जातात, त्या पाटीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

पण त्याच पाटीमुळे मला एक गोष्ट समजली. टिळकांचा खटला अपील नव्हतं. तो थेट हायकोर्टातच चालला, न्यायमूर्ती दावर आणि नऊ जणांची ज्यूरी, सात विरुद्ध दोन असा कौल आणि सहा वर्षं मंडाले. कारण तेव्हा मुंबई शहरातले मोठे गुन्हे हायकोर्टच पहिल्यांदा चालवायचं. त्याचा अवशेष अजून आहे, मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दिवाणी दावे अजूनही थेट हायकोर्टात लागतात, त्याला ओरिजिनल साईड म्हणतात, आणि आपल्यासारखे जिल्ह्यांतून वर गेलेले सगळे अपेलेट साईडला. दोन्हीचे नियम वेगळे, ऑफिसं वेगळी, केस नंबर वेगळे. नवख्या माणसाने चुकीच्या खिडकीवर अर्धा दिवस घालवू नये म्हणून हे आधी विचारून घ्या. आणि एक खर्च आधी कोणी सांगत नाही तो म्हणजे भाषांतराचा. खाली मराठीत चालतं, साक्ष मराठीत होते, पण हायकोर्टाची भाषा इंग्रजी, म्हणून सगळे मराठी कागद इंग्रजी करून जोडावे लागतात. मोडी कागद असले तर अजून एक टप्पा.

हायकोर्टात बसतात ते न्यायमूर्ती, खाली न्यायाधीश, मराठीत हा फरक पाळतात. मंजूर पदं ९४ आहेत, पण प्रत्यक्षात त्याहून कमीच न्यायमूर्ती काम करत असतात, आणि हे ९४ काही एकट्या मुंबईचे नाहीत. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथली खंडपीठंही त्यातच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. पुणे नाही. पुण्याचे वकील बऱ्याच वर्षांपासून इथे खंडपीठ मागतायत आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला दर तारखेला पहाटे पाचला उठवणारी म्हणून मला ती मागणी मनापासून पटते. पण मला असंही वाटतं की आधी रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, कारण माणसंच कमी असतील तर खंडपीठ कुठेही असो, नंबर येणार तेव्हाच येणार. आणि एक लक्षात ठेवा, खंडपीठं म्हणजे वेगळी हायकोर्टं नाहीत, एकच कोर्ट वेगवेगळ्या गावी बसतं, त्यामुळे नागपूरला झालेला निवाडा पुण्याच्या केसमध्येही दाखवता येतो.

सगळे न्यायमूर्ती एकत्र बसून एक केस ऐकत नाहीत. कोणी एकटे बसतात, कोणी दोघं, त्याला डिव्हिजन बेंच म्हणतात, आणि दोन बेंचची मतं एकमेकांशी जुळेनाशी झाली किंवा फार मोठा प्रश्न असला की तिघं किंवा जास्त, म्हणजे फुल बेंच. दुसरी अपिलं एकट्या न्यायमूर्तींसमोर. दोघांचं बेंच असताना दोघांचं मत विरुद्ध पडलं तर तो मतभेद तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जातो. कोण काय ऐकणार हे ठरवतात मुख्य न्यायमूर्ती, एकटे, त्याला रोस्टर म्हणतात. दुसरे कितीही सीनियर असले तरी आपल्या रोस्टरमध्ये नसलेली केस हातात घेऊ शकत नाहीत. हे रोस्टर काही महिन्यांनी बदलतं.

माईंना हेच सगळ्यात जास्त खुपतं, की मागच्या वेळी वेगळे साहेब होते, त्यांना आपली केस कळायला लागली होती, आता परत नवीन. पण न्यायमूर्ती बदलण्याची कारणं बरीच असतात. रोस्टर बदलतं. मुंबईचे न्यायमूर्ती काही काळ नागपूरला किंवा गोव्याला बसायला जातात. कधी राष्ट्रपतींच्या आदेशाने दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टात बदली होते. कोणी सुप्रीम कोर्टात जातात. आणि ६२ पूर्ण झाले की निवृत्ती, त्यात मुदतवाढ नाही. सुप्रीम कोर्टात ६५. कधी न्यायमूर्ती स्वतःच सांगतात की हे माझ्यासमोर नको, कारण वकील असताना त्या पक्षाचं काम केलेलं असतं किंवा नात्यातलं कोणी असतं, मग बोर्डवर, म्हणजे त्या दिवशीच्या केसच्या यादीत, नॉट बिफोर असं येतं आणि केस दुसरीकडे जाते. आमचं एकदा असं झालं तेव्हा माई घाबरल्या, पण ते आपल्याच भल्यासाठी असतं.

आणि हे न्यायमूर्ती येतात कुठून? निम्म्याहून जास्त वकिलांमधून, साधारण एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांमधून. दहा वर्षं हायकोर्टातली वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद ही घटनेतली अट. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं सुचवतात, मग सरकारकडून चौकशी वगैरे, मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींची समिती, आणि नेमणूक राष्ट्रपती करतात, शपथ राज्यपाल देतात. बरेच जण आधी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग कायम. मुख्य न्यायमूर्ती सहसा बाहेरच्या राज्यातले असतात. २०१८ मध्ये ठरलेला मूळ पगार महिना सव्वादोन लाख, मुख्य न्यायमूर्तींना अडीच. न्यायमूर्तींना पदावरून काढायचं म्हटलं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत वेगळा ठराव लागतो, एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. इतकं अवघड मुद्दाम ठेवलंय, कारण सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून उद्या कोणाला घरी बसवता येऊ नये.

पुण्याने या कामाला माणसं पण चांगली दिली. न्यायमूर्ती रानडे पुण्यात १८७१ पासून सबजज्ज होते आणि १८९३ ला हायकोर्टात गेले. आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले यशवंतराव चंद्रचूड १९७८ ते १९८५ देशाचे सरन्यायाधीश होते, तेवढा काळ आजवर दुसरं कोणीच राहिलेलं नाही.

हायकोर्टाचं काम निकालापुरतंच नसतं, जिल्ह्यातल्या न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या, चौकशा सगळं हायकोर्टाकडे, आणि प्रत्येक जिल्ह्याला एक पालक न्यायमूर्ती नेमलेले असतात. म्हणजे जे न्यायमूर्ती दिवसभर कोर्टात बसतात तेच संध्याकाळी कमिटीच्या मीटिंगा आणि रात्री निकाल लिहिणं असं करतात. आम्ही एका दिवशी बोर्डवर बऱ्याच खाली होतो आणि संध्याकाळपर्यंत नंबर आला नाही, तेव्हा मला खूप राग आला होता, पण समोर जे काम चाललं होतं ते मी सकाळपासून बघत होते, त्या न्यायमूर्ती बाई जेवणाची सुट्टी सोडली तर एकदाही उठल्या नव्हत्या.

हायकोर्टाच्या पुढे सुप्रीम कोर्ट आहे, पण तिथे बहुतेक वेळा अपिलाचा हक्क नसतो, परवानगी मागावी लागते, आणि बहुतेकांना ती मिळत नाही. त्यामुळे आमच्यासाठी हायकोर्ट म्हणजे शेवटचंच धरायचं.

घरबसल्या करता येण्यासारखं एक काम म्हणजे सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतःचा नंबर, जपून ठेवणं, सोळा अक्षरी असतो, ई-कोर्टच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख, कुठल्या कोर्टात, मागे काय झालं सगळं दिसतं. आणि रजिस्ट्रीने, म्हणजे हायकोर्टाच्या कार्यालयाने, काढलेल्या त्रुटी, ज्याला ऑफिस ऑब्जेक्शन म्हणतात, त्या निघाल्या का हे वकिलांना फोन करून विचारा, लाजू नका, कारण वेळेत काढल्या नाहीत तर अपील कोणी न ऐकताच निकाली निघू शकतं.

शेवटचं जे आहे ते माईंनी स्वतः विचारून घेतलं, वकिलांच्या ऑफिसात, माझ्या देखत. त्यांनी विचारलं, निकालाआधी मीच गेले तर? वकिलांनी सांगितलं की अपील करणारा वारला तर वारसांनी ९० दिवसांत अर्ज करून स्वतःचं नाव रेकॉर्डवर आणायचं असतं, नाहीतर अपील रद्दबातल होतं, आणि मग ते उठवायला परत ६० दिवसांत वेगळा अर्ज आणि कारणं. माईंनी घरी आल्यावर ह्यांचं आणि नणंदेचं आधार झेरॉक्स काढायला लावलं, एका कागदावर दोघांची पूर्ण नावं, वयं, पत्ते स्वतःच्या हाताने लिहिले, खाली वकिलांचा नंबर आणि अपिलाचा नंबर लिहिला, आणि तो कागद त्या अंतर्देशीय पत्रासोबत त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवला. डबा आता माळ्यावर नसतो, देवघराच्या खालच्या कप्प्यात असतो, आणि कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.